गमबुटांच्या खोक्याची खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो. पण मला गज नाहीत, झडपा नाहीत आणि भिंतही नाही. मी पुठ्ठ्याची आहे, शाळेच्या वहीएवढी. चारी बाजूंनी पुठ्ठा आणि मध्ये एक चौकोनी भोक, एवढाच माझा संसार. खरं सांगायचं तर माझ्यातला महत्त्वाचा भाग म्हणजे ते भोक. पुठ्ठा नुसता त्याला धरून ठेवायला आहे.

म्हणून माझी गोष्ट इतर वस्तूंच्या गोष्टींसारखी सरळ चालणार नाही. बोलता बोलता मध्येच माझ्या भोकात काहीतरी येईल आणि मी गप्प होईन. जे दिसेल ते मी तिथेच चौकटीत ठेवून देईन. त्याच्या कडा कापलेल्या असतील. खिडकीत कुठलीच गोष्ट पूर्ण मावत नाही, त्याला माझा इलाज नाही. हे बघा, असं:

[ ळं गवत, त्याच्यावर आडवी काळी रेघ, रेघेवर बगळ्याचे दोन पाय. बगळा नाही. नुसते पा ]

घाबरू नका. गोष्ट लगेच पुढे सुरू होते.

माझा जन्म घोटावड्याचा. तिथे ताजुद्दीनभाईंचं चपला-बुटांचं दुकान आहे. शेतावर जाणारे आणि आसपासच्या कारखान्यांत कामाला जाणारे लोक त्यांच्याकडून काळे गमबूट नेतात. मी त्या गमबुटांच्या एका खोक्याचं झाकण होते. अजूनही ऊन तापलं की माझ्या अंगातून रबराचा वास येतो. एके दिवशी ताजुद्दीनभाईंची थोरली मुलगी हुमा हिने मला उचललं, फळीवर आडवं टाकलं आणि चामडं कापायच्या रापीने माझं पोट कापून काढलं. दुखलं नाही. उलट एकदम मोकळं वाटलं.

"अब्बा, बघा, आपानं खोक्याला खिडकी पाडली," गल्ल्यावर बसलेला तिचा धाकटा भाऊ अनिस ओरडला. "आता एक दार पण पाड म्हणावं. भाड्यानं देऊ."

"खिडकीचं ऱ्हाऊ दे," ताजुद्दीनभाई म्हणाले. "त्यातलं गमबूट आता गिऱ्हाइकाला काय पिशवीत घालून देऊ? त्याला वाटंल, कुणीतरी वापरलेलं हाय."

"अब्बा, तो ते घालून चिखलातच जाणार ना?" हुमा म्हणाली.

"चिखलात जाऊ दे की. पण खोक्यातनं जाऊ दे."

सगळे हसले. मी पण हसले असते, पण धरून हसायला माझं पोटच उरलं नव्हतं.

हुमा चित्रकार आहे. दुपारी ती हिंजवडीकडच्या एका शाळेत मुलांना चित्रकला शिकवते आणि सकाळ स्वतःसाठी ठेवते. तिच्या चित्रांत घर, झाड, माणूस, सूर्य असं काही नसतं. रंग असतात, पट्टे असतात, ओरखडे असतात. अशा चित्रांना अमूर्त चित्रं म्हणतात. लोकांना वाटतं, अशी चित्रं डोळे मिटून काढता येतात. ती कशी निघतात ते मी इतक्या जवळून पाहिलं आहे, की तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सकाळी हुमा मला पिशवीत टाकायची, स्कूटर काढायची आणि कासारसाईच्या धरणाकडे जायची. धरणाच्या वरच्या अंगाला एक लांबलचक माळ आहे. तिथे एका खडकावर बसून ती मला हातभर लांब धरायची, एक डोळा मिटायची आणि माळावरून मला हळूहळू फिरवायची, जणू चुरगळलेल्या चादरीवरून इस्त्री फिरवते आहे. माझ्यात धरणाचं पाणी आलं तरी ती थांबत नसे. मी आणखी सरकायचे. पाण्याचा काठ सुटायचा. पलीकडचे उंच टॉवर सुटायचे, त्यांच्या डोक्यावरच्या क्रेन सुटायच्या. शेवटी माझ्यात वर एक पांढरट पट्टा आणि खाली एक मातकट पट्टा एवढंच उरायचं. ते पाणी आहे हे आता कुणी सांगितलं तरच कळलं असतं.

"गळालं," हुमा पुटपुटायची.

काय गळालं? नाव. हुमाचं म्हणणं असं, की नाव चिकटलेलं असतं तोवर आपण वस्तू बघतच नाही. 'पाणी' म्हटलं की झालं, आपण पुढे जातो. नाव गळून पडलं की मग ते जड आहे की हलकं, तापलेलं आहे की गार, पसरतंय की आक्रसतंय, हे दिसायला लागतं. ती तेवढंच बघत बसायची. माळावर तिने कधी ब्रश काढला नाही.

[ तांबूस, तांबूस, मग अचानक जांभळं. कुसळांच्या टोकांवर ऊन चढतंय आणि जांभळं खाली सरक ]

घरी आल्यावर दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम चालायचं. तिथे एका बाजूला चपलांचा जुना माल आणि दुसऱ्या बाजूला हुमाचा कॅनव्हास. बूट पुसायच्या दाट केसांच्या ब्रशने ती रंग घासायची. रबरी तळव्याच्या तुकड्याने खरवडायची. पुसायची. पुन्हा चढवायची. दोन दिवस खपून केलेलं तिसऱ्या दिवशी पाण्याच्या हाताने उतरवून टाकायची. चित्र उलटं टांगून त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायची आणि एकदम वळून बघायची, चोर पकडावा तशी. अडली, की खिळ्यावरून मला काढायची आणि ओल्या चित्रावर फिरवायची. चित्राचा कुठला तुकडा जिवंत आहे ते मला विचारायची. माझ्या कडांना आज जे रंग लागलेले दिसतात, ते तिथले.

एकदा पुण्याला तिच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. एका पाहुण्याने विचारलं, "ही चित्रं तुम्हाला सुचतात कुठून?" हुमाने पिशवीतून मला काढलं. मग लोकांनी मला हातोहात घेतलं. कुणी माझ्यातून भिंत पाहिली, कुणी पंखा, कुणी एकमेकांची नाकं. त्या दिवशी मी फार मिरवले. आणि त्यानंतर वर्षभर मी चपलांच्या मांडणीमागे पडून होते, कारण हुमाने नवा मोबाइल घेतला होता आणि फोटो काढून तो बोटाने हवा तसा कापता येत होता. माझ्यामागे पालीने अंडी घातली. मला कसर लागते की काय असं झालं. मग एका सकाळी हुमाने हात घालून मला ओढून काढलं, धूळ फुंकली आणि मलाच म्हणाली, "तो सगळं धरून ठेवतो गं. तू सोडून देतेस."

तर मित्रांनो, मी पुन्हा माळावर जायला लागले, आणि इथून बायजा माझ्या गोष्टीत येते.

बायजा मेंढरं राखायची. मेंढरं, चार शेळ्या आणि नवरा म्हसू यांच्यासह ती त्या माळाच्या कडेला राहत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून हाच माळ. हुमा खडकावर बसलेली तिला रोज लांबून दिसायची, तोंडासमोर पुठ्ठा धरलेली. म्हसू म्हणायचा, "ती पोरगी सुर्व्याचं गिरान बघती का काय गं?" बायजा म्हणायची, "कसलं गिरान? सावली धरतीया त्वांडावर. बाजारातली पोर हाय, तिला सोसंना झालंय." आणि बायजा जवळ आली की हुमा मला चटकन पिशवीत टाकायची. तिला आपलं काम समजावून सांगायची लाज वाटे. सांगायला गेलं की लोक आधी गोंधळतात आणि मग हसतात, हे तिने खूपदा पाहिलं होतं. त्यामुळे माझ्या पोटात भोक आहे हे बायजाला कधी कळलंच नाही. तिच्या लेखी मी उन्हासाठी धरायचं खोकं होते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

दोघींची मात्र गट्टी जमली. हुमा डब्यातलं काहीबाही द्यायची, बायजा ताक द्यायची. कबरी नावाची एक ठिपक्याठिपक्यांची शेळी हुमाची ओढणी चघळायची आणि बायजाच्या शिव्या खायची.

गेल्या दिवाळीच्या सुमारास एके सकाळी बायजा खडकावर येऊन बसली.

"पोरी, तू चित्रं काडतीस न्हवं?"

"काढते की मावशी."

"मग मला माजा माळ काडून दे. मेंढरासकट."

"का हो? रोज तर बघता."

"आता कुटलं रोज? त्या अंगाला तारा आल्या बघ. मालकानं इकला माळ. चरायला ऱ्हातंय काय? ह्यानला नेऱ्याला येका सोसायटीत वॉचमनची नोकरी लागलीया. खोली बी देत्यात. मेंढरं माजा भाऊ न्हेतोय फलटणकडं. संक्रात झाली की टेंपो घिऊन येनार."

हुमाने मोबाइल काढला. "मोबाइलमध्ये फोटो काढून देऊ का? मोठा करून घेता येईल."

"ह्यांच्या मोबाइलात लई फोटो हुते. परवा त्यो धरनात पडला. समदी मेंढरं येका दमात बुडाली." बायजा हसली, पण हसू लगेच ओसरलं. "नेऱ्याच्या खोलीची खिडकी हाय ना, ती म्होरच्या भितीवर उगडतीया. हात लांब केला की भितच लागती. मग मी बघायचं काय? तू काड. माजं मला त्यात घावलं पायजे, बास."

हुमाने हो म्हटलं. पण परतीच्या वाटेवर ती स्कूटर इतकी हळू चालवत होती, की मागच्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न मारला. मला तिची अडचण कळली होती. बायजाला सगळं नावासकट हवं होतं आणि हुमाचा हात नावं गाळायलाच शिकलेला. पण एका बाईचा सगळा माळ चालला होता. तिला तो सापडेल असं चित्र द्यायचं होतं, आणि तेही संक्रांतीच्या आत.

हुमाने आधी सोपा मार्ग धरला. हुबेहूब माळ काढला. डोंगर, पाणी, मेंढरं, डोक्यावर पदर घेतलेली बायजा.

"वा आपा!" अनिस म्हणाला. "आता खाली तारखा छाप."

ताजुद्दीनभाई चष्मा वर-खाली करून बघत राहिले. "मेंढरं झकास झाल्यात गं. पण समदी एकाच नंबराची वाटतात."

हुमाने त्यावर मोठा ब्रश फिरवला. मग तिने स्वतःच्या पद्धतीने काढलं. राखी पट्टा, गंजाचा पट्टा, मध्ये एक थरथरती पांढरी फट. मला ते फार आवडलं. ते लहान चित्र ती माळावर घेऊन गेली. बायजाने पदराला हात पुसून ते धरलं.

"आभाळ भरून आलंय व्हय?"

"तसं नाही मावशी, हा माळच आहे."

बायजाने खूप प्रयत्न केला. चित्र लांब धरलं, जवळ धरलं. "झ्याक हाय," ती शेवटी म्हणाली. "पर पोरी, ह्यात मी कुटं उबी ऱ्हाऊ?"

पुढचे बरेच दिवस हुमा माळावर यायची, मला धरायची आणि काही न बघता खाली ठेवायची. नाव गाळलं की बायजा गळत होती, आणि नाव ठेवलं की चित्र मरत होतं.

[ तार. तारेवर अडकलेला लोकरीचा पुंजका. वाऱ्यानं तो ]

आणि मग मला शेळीने खाल्लं.

त्याचं असं झालं. हुमा खडकावर बसली असताना शाळेतून फोन आला, तिला लगेच बोलावलं होतं. ती गडबडीत निघाली आणि मी खडकावरच राहिले. कबरी आली. तिने मला आधी हुंगलं, मग गमबुटाचा नंबर छापलेला माझा कोपरा तोंडात धरला. मित्रांनो, खाल्लं जाणं ही काही सुखाची गोष्ट नव्हे, पण कबरीइतकं मन लावून माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. कोपरा गेला. खालची निम्मी कड गेली.

"हाड! हाड गं भवाने!" बायजा काठी उगारून धावत आली. तिने मला उचललं आणि तिचा जीव हळहळला. "आगं बया बया! मदलं समदं खाल्लं की गं हिनं! पोरीची सावली खाल्लीस, सटवे!"

तिला वाटलं, भोक कबरीने पाडलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, हुमा येणार नव्हती. बायजाने ती सगळी दुपार माझ्यावर घातली. तिच्याकडे एक जुनी घोंगडी होती, अंगावर घेऊन घेऊन झिजलेली, तिच्याच मेंढरांच्या आया-आज्यांच्या लोकरीची. तिचा एक तुकडा बायजाने कापला. पोती शिवायचं दाभण घेतलं, लोकरीचा दोरा ओवला आणि माझ्या भोकावर तो तुकडा चहूबाजूंनी शिवून टाकला. खाल्लेल्या कडेलाही लोकरीची किनार लावली. टाके इतके घट्ट आणि सरळ, की म्हसू म्हणाला, "माज्या सदऱ्याला कवा असं ठिगळ लावलं न्हाईस." "तुमचा सदरा शेळीनं खाऊ द्या, मग लावती," बायजा म्हणाली.

मला आयुष्यात पहिल्यांदा मध्य मिळाला. आणि मी आंधळी झाले.

[                                                  ]

सोमवारी हुमा धावतपळत आली. खडकावर मी नाही हे बघून ती इकडेतिकडे शोधत होती, तेवढ्यात बायजा मला पदराखाली धरून आली. तोंडावर हसू मावत नव्हतं.

"घे. कबरीनं खाल्लं हुतं तुजं खोकं. पर म्या आसं शिवलंय, आता कवाच ऊन लागायचं न्हाई डोळ्यास्नी."

हुमाने मला हातात घेतलं. माझं भोक कुठे आहे हे तिने बोटांनी चाचपलं. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. मी तिला इतकी वर्षं ओळखते. ती काय बोलणार होती ते मला माहीत होतं, आणि बायजाची दाभणाने टोचलेली बोटं बघून ती ते का बोलली नाही हेही.

"किती सुरेख शिवलंय, मावशी," ती म्हणाली.

"आगं, नुसतं म्हनू नगं. धरून बघ की!"

आता आली का पंचाईत? हुमाने मला तोंडासमोर धरलं. काळं.

"लागतंय का ऊन?"

"नाही हो. अजिबात नाही."

"कसं लागंल? सुर्व्या तुज्या पाठीमागं हाय. येडी का काय तू!" बायजाने तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला गर्रकन उगवतीकडे वळवलं. "हां, आता बघ."

[ · ·   · ·· ·    ·  · ·  ·· ·     ·  · ·   · · ]

झिजलेल्या घोंगडीच्या विणीतून ऊन आत आलं. एका भोकाच्या जागी माझ्या पोटात असंख्य बारीक भोकं झाली होती. प्रत्येकात उजेडाचा एक कण. लोकरीच्या बारीक केसांनी त्या कणांना मऊ कडा आल्या होत्या. समोरून मेंढरं चालली होती. मेंढरं दिसत नव्हती. काही कण विझत होते, पुन्हा पेटत होते, त्यांच्या शेजारचे विझत होते. काहीतरी मोठं, मऊ, सावकाश पुढून जात होतं. नाव पूर्ण गळालं होतं, आणि तरीही जे समोर होतं ते जिवंत होतं, चालत होतं, त्याला ऊब होती.

हुमा हललीच नाही. तिचा श्वास माझ्या लोकरीला लागत होता.

"काय झालं गं? लागतंय का अजून?"

"थोडंसं," हुमा कशीबशी म्हणाली.

"मग आन हिकडं, दुहेरी लावती!"

"नको! नको मावशी, राहू दे, असंच राहू दे!" हुमाने मला छातीशी धरलं.

त्या दिवसापासून शेडमध्ये वेगळंच काम सुरू झालं. हुमाने मोठा कॅनव्हास घेतला. खाली पिवळा, त्यावर केशरी, त्यावर धुक्यासारखा करडा असे थर वाळवत चढवले आणि सगळ्यावर काळपट तपकिरी रंग बूट पुसायच्या ब्रशने घासला, केसाळ दिसेपर्यंत. मग अब्बांच्या दुरुस्तीच्या पेटीतली आरी घेतली, चपलेला भोकं पाडायची ती, आणि वरचा रंग टोकाने हळूच टिपून काढायला लागली. आतला उजेड कणाकणाने वर येत होता. हात थकला की ती मला शेडच्या दारात उन्हासमोर धरायची, बघायची, परत जायची. कण रांगेत आले की चित्र मरायचं. ती तेवढा भाग पुन्हा बुजवायची. कुठे कण दाट, कुठे एकदम नाहीतच. जिथे नाहीत तिथून कुणीतरी जातंय.

"आपा," अनिस दारातून म्हणाला, "बायजामावशीनं मेंढरं मागितली होती. तू चाळण केलीस."

हुमा हसली नाही. तिलाही तीच भीती होती. चित्र चांगलं झालं आहे हे तिला कळत होतं. पण ते बायजाचं झालं आहे का, हे चित्राला विचारून कळणार नव्हतं आणि मला विचारूनही नाही.

"तसं असलं तर तसं," ती म्हणाली. "खोटं देण्यापेक्षा बरं."

संक्रांत झाली. टेंपो आला. बायजाचा भाऊ आणि म्हसू यांनी एकेक मेंढरू उचलून आत चढवलं. कबरी शेवटपर्यंत चढेना, तिने टेंपोच्या फळीवर लाथा झाडल्या. बायजा एकेकीच्या पाठीवर हात टेकवत होती. मागचं फाळकं लागलं आणि माळ एकदम फार मोठा दिसायला लागला.

हुमा आणि अनिस चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन आले होते. त्यांनी ते खडकाला टेकवून उभं केलं आणि चादर काढली.

म्हसू पुढे झाला. "रातीचं हाय का हे?" त्याने वाकून पाहिलं. "आन मेंढरं कुटं हायेत ह्यात?"

मी हुमाच्या पिशवीतून डोकावत होते. तिने पिशवीचा बंद घट्ट आवळून धरला होता.

बायजा चित्राजवळ गेली. मग मागे सरकली. मग तिने एक गोष्ट केली, ती आम्हाला कुणालाच कळली नाही. ती चित्रासमोर मातीत बसली, कुशीवर कलली आणि डोक्याखाली हात घेऊन आडवी झाली. तशीच बघत राहिली.

"काय झालं गं? चक्कर आली का?" म्हसू घाबरला.

"गप ऱ्हावा वाईच."



"ही उटायच्या आदीची येळ हाय," बायजा म्हणाली. ती जणू कुणाशीच बोलत नव्हती. "पाटंचं जाग आली तरी मी घोंगडी त्वांडावरनं काडत न्हाई. मग सुर्व्या वर येतोय. आतनंच बगती. आसंच ठिपकं ठिपकं दिसत्यात. मग येक काळं पुडनं जातंय. मला कळतंय, येक उटली. मग दुसरी उटती. समदी उटली, समदी हायेत, आसं बगितलं की मग मी त्वांड उगडती." तिने बोट पुढे केलं, चित्राला लावलं नाही, नुसतं धरलं. "ही चाललीया बघ. ही म्हागं ऱ्हायलीया, ही कबरी. कायम म्हागं. आन मी हितं हाय, घोंगडीच्या हिकडं."

तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं, आडवी होती म्हणून. मग ती उठून बसली आणि हुमाकडे वळली.

"हे म्या कुनालाच सांगितलं न्हवतं. ह्यानला बी न्हाई. तुला कुनी सांगितलं?"

हुमाने पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढलं. "हिने."

"आगं, ही तर तुजी सावली."

मग हुमाला सांगावंच लागलं. मी सावली नाही, खिडकी आहे. मधलं भोक कबरीने नव्हतं पाडलं, ते पहिल्यापासूनच होतं. त्यातूनच ती इतकी वर्षं माळ बघत होती.

म्हसूला हसू आवरेना. "म्या म्हनत न्हवतो? गिरान बघती म्हनून!"

"आदीपासनं भोक हुतं?" बायजाने कपाळावर हात मारला. "आन म्या ते बुजवलं? दुपारभर बसून बुजवलं? आन तू 'सुरेख हाय' म्हनून गप ऱ्हायलीस? गाडव हायेस गाडव!"

"तुम्ही दुहेरी लावणार होतात, मावशी."

आता बायजाही हसायला लागली, ओल्या तोंडानेच. हसता हसता तिने हात पुढे केला. "आन ती हिकडं. उसवून देती. तुज्या कामाची वस्तू हाय."

हुमाने मला पाठीमागे लपवलं. "हात नाही लावायचा."

"आगं, पर मग दिसंल कसं?"

"दिसतंय की," हुमा म्हणाली.

चित्र नेऱ्याला गेलं. त्या खोलीच्या भिंतीवर, पलंगाच्या बाजूने, झोपल्यावर दिसेल इतक्या खाली लावलेलं आहे. येणारेजाणारे विचारतात, चित्र इतकं खाली का? बायजा कुणाला सांगते, कुणाला नाही.

आणि मी? मी घोटावड्यात, शेडच्या दारात टांगलेली असते. हुमाने नंतर दुसऱ्या एका खोक्याची नवी खिडकी कापली. पाणी, गवत, ढग यांची नावं गाळायचं काम आता ती नवी करते. तिचा मला हेवा वाटत नाही. मला सकाळच्या उन्हासाठी ठेवलं आहे. माझी लोकर अधूनमधून झाडतात, पावसाळ्यात मला चपलांच्या मांडणीवर उंच ठेवतात. बायजा घोटावड्याच्या बाजाराला आली की आत येऊन माझे टाके ओढून बघते आणि म्हणते, "हाय अजून घट."

मित्रांनो, जाता जाता माझं एक मागणं आहे. वस्तू जपा, पुठ्ठ्याची असली तरी जपा, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. मी दुसरं मागते. तुमच्यावर जीव असलेलं कुणीतरी एखाद्या दिवशी तुमची वस्तू न विचारता दुरुस्त करून आणेल. नको तिथे ठिगळ असेल, हवं ते बुजलेलं असेल. तेव्हा लगेच उसवायला बसू नका. आधी ती उन्हासमोर धरा, आणि थोडा वेळ बघा.